कुठला खर्च कुठल्या योजनेत: नाशिकमधल्या दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

‘आयुष्मान कार्ड काढलंय, आता पोराचा सगळा दवाखाना फुकट,’ असं धरून चाललेले पालक नाशिकमध्ये पावलोपावली भेटतात. कार्ड खरं असतं, पाच लाखांचा आकडाही खरा असतो. पण मूल आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जातं, फिटच्या गोळ्या दर महिन्याला लागतात, अधूनमधून स्पीच थेरपी चालू असते आणि यातला एकही रुपया त्या कार्डावर निघत नाही. मग ‘सरकारी योजना म्हणजे नुसती जाहिरात’ असं म्हणून माणूस सगळ्याच योजनांवर फुली मारतो. उलटंही पाहायला मिळतं. थेरपीचे पैसे परत देणारी योजना ज्यांना माहीत आहे, ते मोठ्या ऑपरेशनसाठी सोनं गहाण ठेवतात, कारण रेशनकार्डावर ते ऑपरेशन होतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून योजनांची नावं पाठ करण्याआधी आपल्या मुलाचा खर्च कागदावर मांडा. एका बाजूला भरती करून होणारे उपचार लिहा: ऑपरेशन, आयसीयू, हृदयाची शस्त्रक्रिया, शंट (मेंदूत साचलेलं पाणी काढून देणारी नळी) बसवणं. दुसऱ्या बाजूला रोजचं: थेरपी, ओपीडी, गोळ्या, तपासण्या. तिसऱ्या बाजूला साधनं: व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), श्रवणयंत्र. पहिल्या रकान्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दुसऱ्याला निरामय (थेरपी-औषधांचे पैसे परत देणारा सरकारी विमा), तिसऱ्याला एडिप (दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणारी केंद्राची योजना). वडील किंवा आई नोकरीत असतील तर ईएसआयसीसारखी (कामगारांचा राज्य विमा) एखादी योजना तिन्ही रकान्यांत थोडीथोडी शिरते. पुढचं सगळं याच मांडणीवर आहे.

आधी उपचार, मग कागद

दिव्यांग प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत बरेच पालक थेरपी सुरू करत नाहीत. हे थांबणं महागात पडतं, कारण लहान वयातले महिने परत येत नाहीत. मूल मान धरत नाही, हाकेला वळत नाही, वयाप्रमाणे बोलत नाही अशी शंका आली की थेट त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात जा आणि डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशी केंद्रं जिल्हा पातळीवर चालतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असे त्याचे चार भाग आहेत. डीईआयसीत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी मंडळी एका छताखाली असावीत अशी रचना आहे आणि सेवा मोफत आहे. इथे विम्याचा संबंध नाही, दावा करायचा नाही, की फॉर्मची रांग नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या पालकांना शहरात येणं अवघड पडतं. त्यांच्यासाठी याच कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणीला येतं. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पाहुणे आले, बाजारचा दिवस होता, मूल किरकिर करत होतं अशा कारणांनी तपासणी हुकली की पुढची पाळी सहा महिन्यांनी. पथकाने पुढे पाठवल्याची चिठ्ठी दिली तर ती जपा. फाटलेले ओठ-टाळू, वाकडे पाय, हृदयातलं छिद्र, जन्मजात मोतीबिंदू अशा बाबतीत त्या चिठ्ठीवरूनच शस्त्रक्रियेची वाट सुरू होते.

खासगी शाळेत मूल असेल तर पथक तिथे येणार नाही. तुम्ही स्वतःहून डीईआयसीत जा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

निरामय, एडिप, प्रवासातली सवलत, सगळ्यांची किल्ली एकच आहे: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ नावाच्या केंद्रीय पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मुलाचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज करताना कुठल्या रुग्णालयात तपासणी हवी ते निवडावं लागतं. नाशिक शहराजवळ राहणारे बहुतेक जण जिल्हा रुग्णालय निवडतात. मालेगाव, नांदगाव, बागलाणच्या लोकांनी यादीतली नावं नीट पाहावीत, म्हणजे विनाकारण शंभर किलोमीटरची खेप पडणार नाही.

तपासणीच्या दिवशी घेऊन जायचा गठ्ठा आदल्या रात्रीच बांधा. प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, बाळ एनआयसीयूत होतं तर तिथले कागद, एमआरआय किंवा ईईजीचे रिपोर्ट, बेरा (ऐकण्याची) चाचणी, बुद्ध्यांक चाचणी, चालू गोळ्यांची चिठ्ठी, आधार आणि दोन फोटो. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. कोणत्या वारी कोणत्या प्रकारची तपासणी असते हे अधूनमधून बदलतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. दिव्यांगांना उपचारात प्राधान्य द्यायचं, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये स्पष्ट आहे. मूल रांगेत आकांत करत असेल तर हे कलम शांतपणे सांगायला हरकत नाही. निम्म्या वेळा उपयोग होतो.

त्याच कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक सरकारी लाभांना किमान ४० टक्के लागतात. लहान वयात बौद्धिक अक्षमतेचं किंवा स्वमग्नतेचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं मिळतं, त्यावर मुदत लिहिलेली असते. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी पुन्हा अर्ज करा. प्रमाणपत्राची मुदत संपली की त्याच्या आधारावर चालणारं बाकी सगळंही अडकतं.

टक्केवारीबद्दल एक सांगायलाच हवं. ‘जास्त टक्के लिहून द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे पालक असतात, आणि ‘माझ्या पोराला दिव्यांग म्हणू नका’ म्हणून प्रमाणपत्रच न काढणारेही असतात. आजी-आजोबांच्या आग्रहाखातर कागद न काढलेल्या घरात पुढे त्या मुलाच्या नावाने कुठलीच योजना चालत नाही. कागद म्हणजे शिक्का नव्हे, कागद म्हणजे हक्क, हे घरातल्या थोरांना समजावणं हेसुद्धा या कामातलंच एक काम आहे.

रेशनकार्डावर मुलाचं नाव

कागदांच्या कामांत पालकांनी सर्वांत आधी हातात घ्यावं असं काम हेच, आणि नेमकं तेच शेवटपर्यंत राहून जातं. महात्मा फुले योजनेत कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरचं कुटुंब. मूल चार वर्षांचं झालं तरी कार्डात नाव नाही अशी घरं खूप. जन्मदाखला आणि आधार घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा ऑनलाइन नाव चढवून घ्या. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे ना आणि त्यात मुलाचं नाव दिसतंय ना, तेही बघा. पुस्तकावर नाव आणि ऑनलाइन गायब, असंही होतं.

पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन अद्ययावत करावे लागतात. हाताची मूठ उघडतच नाही, नजर स्थिर राहत नाही अशा मुलांसाठी आधारच्या नियमांत बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. केंद्रावरचा मुलगा ‘होत नाही, परत या’ म्हणाला तर अपवादाची नोंद करायला सांगा.

नावाचं स्पेलिंग हा वेगळाच छळ आहे. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. कागदांचा मेळ बसवायला वर्ष जातं. आधार आणि जन्मदाखला एकसारखे करा आणि पुढचं सगळं त्यावरून काढा.

भरती आणि ऑपरेशन: महात्मा फुले योजना व आयुष्मान भारत

२ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आधी ती मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली, आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण प्रत्यक्ष लागू झालं. त्या वेळी यादीत १३५६ उपचार होते, यादी मध्येमध्ये बदलते. म्हणजे पांढरं कार्ड आहे म्हणून घरी बसू नका, पांढरं कार्डसुद्धा चालतं.

केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. राज्यात दोन्ही एकत्र चालतात, त्यामुळे रुग्णालयात गेल्यावर ‘आमचं नाव कुठल्या यादीत’ याची फार काळजी करायचं कारण नाही. आधीपासून असलेला आजार चालतो, कुटुंबात किती माणसं याला मर्यादा नाही. दिव्यांग मुलाच्या घरासाठी हे फार मोठं आहे, कारण बाजारातली पॉलिसी नेमकी इथेच नाक मुरडते.

प्रत्यक्षात पायऱ्या अशा. मुलाला लागणारा उपचार कोणत्या रुग्णालयात योजनेत होतो ते आधी शोधा. प्रत्येक संलग्न रुग्णालयाला सगळे विभाग मंजूर नसतात. हाडांच्या शस्त्रक्रियेला मान्यता असलेलं रुग्णालय मुलांच्या हृदयाला मान्यता असलेलं असेलच असं नाही. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालयाखेरीज शालीमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, घोटीजवळ धामणगावचं एसएमबीटी ही मोठी ठिकाणं लोकांना माहीत आहेत. पण ‘माहीत आहे’ यावर न जाता १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर फोन करून उपचाराचं नाव सांगा आणि कुठे होईल ते विचारा. आयुष्मानसाठी १४५५५.

रुग्णालयात पोचल्यावर कॅश काउंटरला न जाता आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाचा टेबल गाठा. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचं ओळखपत्र द्या. अगदी लहान बाळाचं आधार नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो कामाला येतो. डॉक्टर तपासून उपचार ठरवतात, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं आणि मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. तातडीची वेळ असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून पोचवायचे. पण मागाहून म्हणजे लगेच. कुणातरी नातेवाइकाला तेवढ्याच कामाला लावा.

मंजूर उपचारासाठी रुग्णालयाने तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. खाट, औषधं, तपासण्या आणि रुग्णाचं जेवण पॅकेजमध्ये येतं. घरी जाताना प्रवासखर्चाचीही तरतूद आहे. ‘योजनेतला इम्प्लांट साधा आहे, चांगला हवा असेल तर वरचे चाळीस हजार भरा’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा मागणीच विरते. नाही विरली तर आरोग्यमित्रासमोर त्याच हेल्पलाइनला तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

या योजनेत काय बसत नाही तेही ध्यानात ठेवा: ओपीडी, रोजच्या गोळ्या, दीर्घकाळची थेरपी. ऑपरेशननंतर घरी पाठवताना फिजिओथेरपी सहा महिने चालू ठेवा असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते सहा महिने पहिल्या रकान्यातून दुसऱ्यात गेलेले असतात.

थेरपी आणि औषधं: निरामय

खरं तर सगळ्यांत जास्त जागा निरामयला द्यायला हवी, कारण तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनच्या आजाराला नकार नाही. भरती, ओपीडी, औषधं, तपासण्या, थेरपी, दातांचे उपचार, पर्यायी उपचारपद्धती आणि थोडा प्रवासखर्चही यात येतो.

पण ही सगळ्या दिव्यांगांसाठी नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, एवढे चारच प्रकार. डाउन सिंड्रोमचं मूल बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर बसतं. फक्त कर्णबधिर, फक्त अंध किंवा फक्त अस्थिव्यंग असलेलं मूल बसत नाही. दोन व्यंगं असतील तर प्रमाणपत्रावर दोन्हींची नोंद झाली आहे का ते तपासणीच्या वैद्यकीय बोर्डातून बाहेर पडायच्या आधीच बघा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘अस्थिव्यंग’ लिहिलं गेलं की निरामयचा फॉर्म अडतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नोंदणी राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थांमार्फत होते. जिल्ह्यानुसार त्यांची यादी न्यासाच्या संकेतस्थळावर आहे. मूल विशेष शाळेत जात असेल तर शाळेच्या कार्यालयातच विचारा, अशा शाळांना आसपासची नोंदणीकृत संस्था ठाऊक असते. नोंदणीची फी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये आणि इतरांना ५०० रुपये. नूतनीकरणाला अनुक्रमे ५० आणि २५० रुपये. आई-वडील नसून कायदेशीर पालक दुसरं कुणी असेल तर फी लागत नाही. ‘एजंट’ म्हणून कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर तो तुमच्या अज्ञानाचे पैसे मागतो आहे.

लागणारे कागद: दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, पत्ता, बँक पासबुक, आणि सवलतीची फी भरायची असेल तर दारिद्र्यरेषेचा पुरावा. खातं मुलाच्या नावाने, आई किंवा वडिलांसोबत संयुक्त असलेलं बरं. दाव्याचे पैसे खात्यातच येतात, आणि बंद पडलेलं खातं हे दावा अडकण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. नोंदणी झाली की ओळख क्रमांकाचं कार्ड मिळतं. त्याची छपाई करून फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नोव्हेंबरात नोंदणी केली तरी मुदत ३१ मार्चलाच संपते. म्हणून नवी नोंदणी वर्षाच्या सुरुवातीला केलेली फायद्याची, आणि नूतनीकरण मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. त्या आठवड्यात पोर्टलवर गर्दी असते, आणि शाळांमध्ये परीक्षांची.

दावा करायचा तो असा

निरामय कॅशलेस नाही. आधी खिशातून भरा, मग मागा. उपचार कुठल्याही दवाखान्यात चालतो, यादीतलंच रुग्णालय हवं असं नाही. त्यामुळे नाशिक रोडचा मूळ पत्ता असलेलं मूल पंचवटीतल्या थेरपिस्टकडे गेलं तरी हरकत नाही. मात्र एक लाख हा एकगठ्ठा आकडा नाही. त्याचे कप्पे आहेत: व्यंग दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रियेला ४० हजारांपर्यंत, थेरपीला वेगळी मर्यादा, ओपीडीला वेगळी, प्रवासाला अगदी थोडी. नोंदणीच्या वेळी त्या वर्षाचा मर्यादांचा तक्ता मागून घ्या आणि थेरपीचा कप्पा आधी वापरा, कारण बहुतेक घरांत पैसा तिथेच जातो.

आता बिलाकडे या. दावे नाकारले जातात ते बहुधा बिलावरून. साध्या पावती पुस्तकावर ‘थेरपी, जून महिना, ४००० रु. मिळाले’ एवढं लिहून दिलेला कागद कार्यालयात टिकत नाही. टिकणाऱ्या बिलावर केंद्राचं छापील नाव-पत्ता असतो, मुलाचं प्रमाणपत्रावरचंच पूर्ण नाव असतं, थेरपीचा प्रकार असतो, आणि मग ३, ५, ७, १० जून अशा एकेका सत्राच्या तारखा आणि दर सत्राचा दर. खाली थेरपिस्टची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, ‘आठवड्यातून तीन सत्रं, तीन महिने’ अशी. चिठ्ठीची तारीख पहिल्या सत्राच्या आधीची असली पाहिजे. चिठ्ठी जुलैची आणि सत्रं जूनची, असं असेल तर ते बिल गेलंच. थेरपिस्टना महिन्याच्या अखेरीस नव्हे, पहिल्याच दिवशी सांगा, ‘मॅडम, मला निरामयला लावायचंय, तारखावार बिल लागेल.’ त्या समजून घेतात. बऱ्याच जणींनी तसं फॉर्मॅटच करून ठेवलेलं असतं.

औषधांसाठी मेडिकलचं पक्कं बिल घ्या, त्यावर मुलाचं नाव आणि डॉक्टरांचं नाव लिहायला लावा. वडिलांच्या नावाचं बिल चालत नाही. तपासणीचं बिल आणि तिचा रिपोर्ट दोन्ही लावा. भरती झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, बिलाचा तपशील आणि पैसे भरल्याची पावती अशा तिन्ही गोष्टी हव्यात.

दाव्याचा फॉर्म भरून मूळ कागदांसह विमा प्रशासकाकडे पाठवायचा. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, फोनवर फोटोही काढून ठेवा. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती त्याच फाईलमध्ये टाका. उपचार संपला की तीस दिवसांच्या आत दावा गेलाच पाहिजे असा घरात नियम करा. वर्षभराचा गठ्ठा साठवून मार्चमध्ये पाठवणारे पालक असतात, त्यांच्या हाती फारसं लागत नाही. त्रुटी काढून पत्र आलं तर रागावून कागद फेकू नका. बहुतेक त्रुटी एखाद्या शिक्क्याच्या किंवा सहीच्या असतात, आठवड्यात भरून निघतात.

आणि एकच बिल दोन ठिकाणी लावू नका. महात्मा फुलेतून झालेल्या ऑपरेशनचा खर्च निरामयकडे मागता येत नाही. त्यानंतरची फिजिओथेरपी मात्र मागता येते.

नोकरी असेल तर

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांचा ईएसआयसीचा हिस्सा पगारातून कापला जातो: कामगाराचा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. कापला जातो हे माहीत असतं, पण मुलाचं नाव कुटुंबाच्या यादीत चढवलेलं नसतं. ते चढवा. ईएसआयसीत ओपीडी आणि औषधंही येतात, ही तिची मोठी जमेची बाजू. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या अपत्याला इथे वयाची मर्यादा लागत नाही. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. तिथे न होणाऱ्या उपचारासाठी पुढे पाठवतात.

समजा, सिडकोत राहणारं कुटुंब आहे. वडिलांना अंबडमध्ये १८ हजार पगार, मुलगी सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. तिच्या फिटच्या गोळ्या ईएसआयसीच्या दवाखान्यातून, पायाची शस्त्रक्रिया ईएसआयसी किंवा महात्मा फुले यांपैकी जिथे लवकर होईल तिथे, खासगी थेरपी निरामयमधून आणि पायाचे स्प्लिंट एडिपमधून. एकाच मुलीसाठी चार दारं, आणि चारही दारांवर तेच आधार, तेच प्रमाणपत्र.

देवळाली, भगूर भागात माजी सैनिकांची घरं पुष्कळ. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत दिव्यांग अपत्याला वयाच्या नेहमीच्या मर्यादेपुढेही सवलत आहे, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेतही. मूल सज्ञान होण्याआधी त्याचं प्रमाणपत्र तिथे नोंदवून ठेवा.

निरामयमध्ये न बसणारी मुलं

कर्णबधिर मुलांसाठी वेळ फार महत्त्वाची. एडिप योजनेतून एक ते पाच वर्षांच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मिळतो. त्यासाठी नोडल संस्था आहे मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतही २ ते ६ वर्षांच्या मुलांच्या इम्प्लांटला मदत आहे. म्हणजे पाचव्या वाढदिवसानंतर चौकशी सुरू करणाऱ्याच्या हाती फार थोडं उरतं. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, कॅलिपर यांसाठी एडिपमध्ये महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण, आणि ३० हजारांपर्यंत असेल तर निम्मी मदत मिळते.

हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे २१ प्रकारांत येतात. सिकलसेल आपल्या आदिवासी तालुक्यांचा जुना प्रश्न आहे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियासाठी डे केअरची सोय आहे. दुर्मिळ आजारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे आणि राज्यातलं केंद्र मुंबईच्या केईएममध्ये आहे.

धर्मादाय रुग्णालयांचं फार थोड्यांना ठाऊक असतं. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यासाठी लागतो. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये तो सेतूतून नवा काढून ठेवा, वेळेवर धावपळ होत नाही.

खासगी पॉलिसी घ्यावी का

परवडत असेल तर विचार करा, पण सरकारी दारं उघडल्यानंतर. विमा नियामकाने २७ फेब्रुवारी २०२३ ला सगळ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं. पॉलिसी आली, पण प्रतीक्षा काळ, हप्ता आणि कंपनीने न घेतलेले भाग बघूनच सही करा. आजार लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी हात वर करते.

अठरा पूर्ण होताना

मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता असलेल्यांच्या बाबतीत त्यानंतर आई-वडिलांनासुद्धा कायदेशीर पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. नाहीतर बँक खातं, दाव्यावरची सही, ऑपरेशनची संमती अशा प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बोट ठेवतं. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ प्रमाणे हा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे जातो आणि जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. सतरावं लागलं की अर्जाची तयारी सुरू करा: मुलाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, तुमचे ओळखीचे कागद, आणि घरातल्या इतरांची हरकत नसल्याचं लेखी. समितीची बैठक रोज नसते. वाढदिवसानंतर अर्ज केला तर मधल्या काळातले निरामयचे दावे सहीसाठी खोळंबतात, म्हणून अर्ज आधी आणि वाढदिवस नंतर.